चंद्रेच्या काठाने बाटल्या भरत : मनाली ते काझा

जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलातल्या लाहौल-स्पितीला जाऊन आले. निमित्त जरा वेगळं होतं. मी पुण्यात बसून नद्यांच्या प्रवाहाची मॉडेलं चालवते. चंद्रा नदीचं खोरं गेली काही वर्षं माझ्या संगणकावर मुक्कामाला आहे. उंचीचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात तापमान किती, बर्फ किती पडला, किती वितळला, तांदीच्या संगमाला किती पाणी पोचलं, याचा दिवसावारी हिशेब मांडायचा. कॉलेजातली माझी एक मैत्रीण पाण्यातल्या आयसोटोपांवर, म्हणजे समस्थानिकांवर, संशोधन करते. तिला बाटल्या वाहायला माणूस हवं होतं, मला तिच्या बाटल्यांतल्या पाण्याचे आकडे हवे होते. सौदा पटकन जमला. प्रवासात तिचा दरारा असा होता की यापुढे तिला बाईसाहेब म्हणणंच योग्य.

पहिला दिवस : मनाली ते सिस्सू

मनाली सोडताना रिपरिप चालू होती. सोलंगच्या वरच्या अंगाला ढग एवढे खाली आलेले की देवदारांचे शेंडे दिसेनात. अटल बोगद्यात शिरलो तेव्हा गाडीचे वायपर चालू होते आणि ९.०२ किलोमीटर पलीकडे बाहेर पडलो तर लख्ख ऊन, उघडे-बोडके डोंगर आणि डोळे दिपवणारी निळाई. ‘‘उधर की बारिश उधर ही रह गई,’’ असं म्हणत भैयाजींनी वायपर बंद केले. भैयाजी म्हणजे आमचे चालक, मूळचे लाहौलचेच. २०२० च्या ऑक्टोबरात बोगदा सुरू व्हायच्या आधी रोहतांग बंद झाला की वर्षातले पाच-सहा महिने हे खोरं जगापासून तुटायचं. त्या काळातल्या त्यांच्या गोष्टी पुढे रोज जेवणानंतर ऐकल्या.

भैयाजींचं वाक्य बाईसाहेबांनी उचलून धरलं, कारण त्यांचा सगळा विषय त्यातच आहे. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. ऑक्सिजनच्या साधारण ५०० अणूंमागे एक जड असतो, ऑक्सिजन-१८. हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक ड्यूटेरियम. जड रेणू वाफ व्हायला कुरकुरतात आणि वाफेचं पाणी किंवा बर्फ व्हायची वेळ आली की आधी खाली उतरतात. ढग डोंगर चढत जातो तसा तो जड रेणू वाटेत टाकत जातो. पीर पंजालची डोंगररांग ओलांडून लाहौलात पोचणारी वाफ त्यामुळे मनालीतल्या वाफेपेक्षा हलकी असते. किती हलकी, ते समुद्राच्या प्रमाणित पाण्याशी तुलना करून दर हजारी फरकात मांडतात. त्या आकड्याला डेल्टा म्हणतात. डोंगरातल्या पाण्याचा डेल्टा बहुतेक वेळा उणे असतो. जितकी उंची जास्त आणि थंडी कडक, तितका तो जास्त उणे. ऑक्सिजनच्या बाबतीत दर १०० मीटर चढाला साधारण पाव ते अर्धा अंक उतरतो. ठिकाणागणिक हे बदलतं, म्हणून तर बाटल्या भरत फिरायचं.

सिस्सूला एका घरगुती मुक्कामी उतरलो. यजमान आंटीजींनी गरम मारचू पुढे ठेवले, म्हणजे तळलेली जाड पोळी म्हणा, सोबत मीठ-लोणी घातलेला चहा. बाईसाहेबांनी दोन पेले घेतले. मी एका पेल्याशी बराच वेळ प्रामाणिकपणे झुंजले.

या वाटेने जाणाऱ्यांसाठी : बोगद्यातून जाताना रोहतांगचा परवाना लागत नाही. सिस्सू सुमारे ३,१०० मीटरवर आहे. पुढे ४,००० च्या वर राहायचं असेल तर इथे एक पूर्ण दिवस काढाच. पुण्या-मुंबईहून थेट येऊन दुसऱ्याच दिवशी चंद्रतालला मुक्काम ठोकणारी मंडळी आम्हाला वाटेत भेटली. त्यांचे चेहरे बघवत नव्हते.

दुसरा दिवस : सिस्सू आणि तांदी

विश्रांतीचा दिवस म्हणून सकाळी गावात हिंडायला निघालो. मी आंटीजींना सहज विचारलं, हिवाळ्यात नळ गोठतात तेव्हा पाणी कुठून आणता? त्यांनी आम्हाला थेट गावामागच्या एका झऱ्यावर नेलं. दगडाच्या कपारीतून मनगटाएवढी धार येत होती. ‘‘ये नहीं जमता जी. जनवरी में भी इससे भाप उठती है.’’ बाईसाहेबांचे डोळे चमकले. हिमालयात ‘भूजलाचा नमुना’ मिळवणं हे किचकट काम आहे, कारण विहिरी नाहीत आणि बोअर विरळा. जानेवारीत न गोठणारा, वर्षभर तेवढीच धार देणारा झरा म्हणजे जमिनीखालच्या जुन्या साठ्याचं तोंड. असा झरा नकाशात सापडत नाही. गावातल्या बाईला विचारावं लागतं. या एका धारेसाठी मला हा अख्खा प्रवास वसूल झाल्यासारखा वाटला.

नमुना घ्यायची पद्धत दिसायला सोपी आहे. छोटी, घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची आणि पाण्यातच झाकण लावायचं. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर बाटलीतल्या बाटलीत बाष्पीभवन होतं आणि उरलेलं पाणी जड होतं. वर चिकटपट्टीचे वेढे, नाव, वेळ, उंची. शेजारी वाहकता, म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते, मोजणाऱ्या मीटरचा आकडा. झऱ्याचं पाणी खडकात मुरून क्षार घेऊन आलेलं असतं, त्याची वाहकता जास्त. ताज्या वितळलेल्या बर्फाची अगदी कमी. मीटरचं उत्तर जागेवर मिळतं, आयसोटोपचं प्रयोगशाळेत गेल्यावर.

दुपारी सिस्सू नाल्यावर गेलो. हा वरच्या गेपांग गाथ हिमनदीकडून आणि तिच्या तोंडाशी साचलेल्या तळ्यातून येतो. तळं मधे आलं की मॉडेलवाल्यांची पंचाईत होते. रोजचं वितळपाणी तिथे आधीच्या पाण्यात मिसळतं, आणि नाल्यात येतं ते कित्येक दिवसांचं सरासरी पाणी. हे मला मॉडेलमध्ये वेगळं दाखवावं लागणार, अशी वहीत नोंद केली.

संध्याकाळी तांदी. इथे चंद्रेला भागा मिळते आणि पुढे ती चिनाब होते. दोन्ही नद्या गढूळ, पण दोन वेगळ्या राखाडी छटांच्या, आणि संगमानंतरही काही अंतर एकमेकींना न भेटता शेजारून चालणाऱ्या. बाईसाहेब दोन्हीकडून आणि खालून, अशा तीन जागांवरून बाटल्या भरत असताना मी पुलावर उभी राहून माझ्या मॉडेलचा आलेख आठवत होते. त्या आलेखात मोजलेला प्रवाह आणि मी काढलेला प्रवाह छान एकमेकांवर बसतात. खरी शंका तिथेच आहे.

शाळेत गणिताच्या पेपरात कधी कधी रीत चुकायची आणि उत्तर बरोबर यायचं. बर्फाळ खोऱ्याच्या मॉडेलचं हेच होतं. हिमवृष्टी थोडी कमी धरली आणि हिमनदीची वितळ थोडी जास्त धरली, तर एकूण पाणी तेवढंच भरतं. भूजलाचा वाटा वाढवून बर्फाचा घटवला तरी आलेख बसतो. पट्ट्यापट्ट्यातले गुणांक इकडेतिकडे सरकवले की डझनभर वेगवेगळी खोरी एकच आलेख काढून देतात. जलशास्त्रज्ञ कीथ बेव्हन यांनी या दुखण्यावर आयुष्यभर लिहिलं आहे. आजच्या प्रवाहापुरतं बोलायचं तर काही बिघडत नाही. पण हिमनदी आटत गेली तर ३० वर्षांनी ऑगस्टात किती पाणी असेल, असं विचारलं की त्या डझनभर खोऱ्यांची डझनभर उत्तरं येतात. आयसोटोप इथे दुसरा पेपर घेतात. पाणी किती आलं एवढं पुरत नाही, कुठलं आलं तेही जुळायला हवं. शिवाय सिंधूच्या खोऱ्यातले प्रवाहाचे मोजलेले आकडे सहजी हाती लागत नाहीत. बाटली मात्र कुणीही भरू शकतं.

पेट्रोल तांदीला किंवा मनालीला भरून घ्या. स्पितीच्या वाटेवर पुढचा पंप थेट काझ्याला.

तिसरा दिवस : ग्राम्फू, छत्रू, बातल

कोकसर सोडून ग्राम्फूला वळलं की डांबर संपतं. ग्राम्फू ते बातल अंतर जेमतेम ५० किलोमीटर, पण चार-पाच तास हाताशी ठेवा आणि पोटात फार काही ठेवू नका. भैयाजींनी आम्हाला पहाटे साडेचारला उठवलं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘‘नाला सुबह सोता है.’’

हे या रस्त्याचं पहिलं शास्त्र. वाटेत ठिकठिकाणी नाले रस्त्यावरूनच वाहतात, त्यातल्या एकाचं नावच पागल नाला. सकाळी गोट्यांवरून खळखळणारं घोट्याएवढं पाणी दुपारी दोन-तीननंतर गुडघ्यापलीकडे जातं, कारण वर ऊन लागलेलं असतं. बर्फ जितका जवळ तितकी भरती लवकर. हिमनदी लांब असेल तर तेच पाणी खाली पोचायला संध्याकाळ होते. भैयाजींना प्रत्येक नाल्याची वेळ पाठ आहे. कुठला अकरापर्यंत ओलांडायचा, कुठला चारपर्यंत चालतो, ढगाळ दिवशी किती सूट घ्यायची. मी हाच वेळेचा फरक मॉडेलमध्ये एका गुणांकाने दाखवते आणि त्यासाठी आठवडे घालवते. त्यांच्याकडून नाल्यांची यादी वेळांसकट उतरवून घेतली.

दुचाकीवाल्यांनी तर बारानंतर या टप्प्यावर असूच नये.

छत्रूला राजमा-भात. एवढ्या उंचीवर राजमा शिजवायला कुकरच्या किती शिट्ट्या लागतात, यावर ढाबेवाल्याशी चर्चा झाली. त्याने मोजणं सोडून दिलंय. पुढे छोटा दर्रा गेल्यावर नदीच्या पल्याड छोटा शिग्रीची घळ दिसते. ही भारतातल्या सर्वांत कसून मोजलेल्या हिमनद्यांपैकी एक. तिच्या बर्फाचा जमाखर्च २००२ पासून दरवर्षी मांडला जातोय. आणखी वर बडा शिग्री, हिमाचलातली सर्वांत लांब हिमनदी. रस्त्यावरून पाहिलं तर बर्फ दिसतच नाही, नुसता दगडधोंड्यांचा राखाडी ढिगारा. बर्फावरचं दगडांचं जाड पांघरूण वितळ कमी करतं. उघडा बर्फ आणि झाकलेला बर्फ एकाच गुणांकाने वितळवला की हिशेब बिघडतो.

गोव्याचा उल्लेखही इथेच करायला हवा. वास्कोतल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने २०१६ मध्ये याच खोऱ्यात, ४,००० मीटरच्या वर, ‘हिमांश’ नावाचं संशोधन ठाणं उभारलं. सुत्री ढाका आणि आसपासच्या हिमनद्यांचा अभ्यास तिथून चालतो. भैयाजींना हे ठाऊक होतं. त्यांना फक्त एक कोडं सुटलेलं नव्हतं, की ज्यांच्याकडे समुद्र आहे ते लोक इथे येऊन थंडीत का कुडकुडतात.

बातल म्हणजे पूल, दोन-चार ढाबे आणि वारा. चाचा-चाचींच्या चंद्रा ढाब्याबद्दल या वाटेवरच्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. अवेळी बर्फ पडून अडकलेल्या कित्येकांना या जोडप्याने जगवलंय. आम्ही तिथेच मुक्काम टाकला आणि बाईसाहेबांनी फर्मान काढलं, संध्याकाळपासून दर दोन तासांनी नमुना. जवळच्या एका नाल्यात काठाच्या दगडावर खडूची खूण केली. संध्याकाळी खूण बुडाली, वाहकतेचा आकडा खाली आला : वितळपाणी वाढलं. मध्यरात्री टॉर्च घेऊन गेलो तर खूण उघडी पडलेली आणि वाहकता वर चढलेली. तेव्हा नाल्यात झऱ्यांचा वाटा जास्त होता. त्या थंडीत बोटांनी झाकण फिरवणं हा प्रकार शब्दांत सांगण्यासारखा नाही. आत ढाब्यात कुणीतरी घोरत होतं आणि मला त्या माणसाचा मनापासून हेवा वाटला.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चुलीपाशी बसून बाईसाहेबांनी मार्टिनेक यांची गोष्ट सांगितली. बर्फवितळीवरून प्रवाह काढायचं जे साधं, जगभर वापरलं जाणारं मॉडेल आहे, ते यारोस्लाव मार्टिनेक यांचं, १९७५ चं. रोजचं तापमान, पाऊस आणि किती भाग बर्फाने झाकलाय, एवढ्यावर ते चालतं. पण त्याच वर्षी याच गृहस्थांनी स्वित्झर्लंडमधल्या दावोसजवळच्या डिश्मा खोऱ्यातल्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी आयसोटोप, मोजून दाखवलं, की बर्फ वितळायला लागल्यावर नदीला येणारं बरंचसं पाणी त्या दिवशी वितळलेलं नसतंच. वरचं पाणी जमिनीत मुरतं आणि आधीपासून मुरलेलं जुनं पाणी खालून ढकललं जातं. मॉडेल सांगतं की आज ऊन पडलं म्हणून आज नदी वाढली, आणि ते खरं आहे. फक्त वाढलेलं पाणी आजचं नाही. ऊन आणि पूर यांचं नातं तासांचं असतं, थेंबाचा प्रवास मात्र महिन्यांचा, कधी वर्षांचा.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण हाताखाली नाला फुगत असताना ऐकणं वेगळं. माझ्या मॉडेलमध्ये भूजलाची टाकी आहे, पण ती लहान आहे, प्रवाहाचा आलेख बसण्यापुरती. आयसोटोपचा आलेखही बसायला हवा असेल तर तिच्याखाली आणखी एक मोठा साठा लागतो. तो प्रवाहाच्या चढउतारात भाग घेत नाही, पण त्यात नवं पाणी मिसळून त्याचा डेल्टा बोथट होतो. बर्फाचे आकडे वर्षभर दणादण हलतात आणि नदीचे मात्र हळू हलतात, त्याचं कारण हा न दिसणारा साठा.

चौथा दिवस : चंद्रताल

बातलहून फुटणारा रस्ता अरुंद आहे. समोरून गाडी आली की कुणी मागे जायचं याची बोलाचाली होते आणि त्यात भैयाजी नेहमी जिंकतात. तंबू तळ्यापासून लांब अंतरावरच लावू देतात. तळ्याला २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या पाणथळीचा दर्जा आहे. शेवटचा टप्पा चालत.

तळ्याबद्दल मी काय लिहिणार? फोटो सगळ्यांनी पाहिलेत. सुमारे ४,२५० मीटरवरचा तो रंग सकाळी वेगळा, दुपारी वेगळा, आणि वारा पडला की समोरचा डोंगर उलटा पाण्यात. एक पंजाबी कुटुंब आलं होतं. त्यातल्या आजोबांनी बाईसाहेबांना बाटली भरताना पाहिलं आणि तीर्थ समजून स्वतःचीही बाटली पुढे केली. बाईसाहेबांनी ती तितक्याच काळजीने, बुडबुडा न ठेवता, पाण्याखाली झाकण लावून भरून दिली.

तळ्याचं पाणी घेण्यामागे कारण आहे. जगभरचा पाऊस आणि बर्फ घेऊन ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे डेल्टा एकमेकांसमोर मांडले की ठिपके एका सरळ रेषेवर येतात. हायड्रोजनचा आकडा म्हणजे ऑक्सिजनच्या आकड्याची आठपट आणि वर दहा. हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये दाखवलेली ही रेषा. उघड्यावर उन्हावाऱ्यात थांबलेलं पाणी या रेषेवरून खाली घसरतं, कारण बाष्पीभवनात दोन्ही आकडे त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणजे पाणी तळ्यातून आलंय की थेट वितळून, हेही त्यावरून ओळखता येतं. आणि हिवाळ्यात पश्चिमी विक्षोभांबरोबर भूमध्य समुद्राकडून आलेला ओलावा या रेषेच्या वर बसतो, मान्सूनचा त्या मानाने खाली. चंद्रेच्या वरच्या खोऱ्यात बर्फ येतो तो मुख्यतः हिवाळ्यातल्या या पश्चिमी वाऱ्यांतून.

रात्री तंबूत डोकं दुखून झोप लागली नाही. पाणी पीत राहिले, सकाळी दुखणं उतरलं. ज्यांचं उतरत नाही त्यांनी हट्ट न करता बातलला खाली यावं.

पाचवा दिवस : कुंझुम

या दिवसासाठी सगळा खटाटोप होता. कुंझुम खिंड, ४,५५० मीटरच्या आसपास. देवीच्या मंदिराला गाडीने प्रदक्षिणा घालून पुढे जायचा रिवाज आहे. भैयाजींनी ती घातली आणि आम्हाला कडेला सोडलं. उत्तरेकडच्या उताराच्या सावलीत गेल्या हिवाळ्याचा बर्फ अजून छातीएवढा उरला होता.

बर्फात खड्डा खणायचा म्हणजे फावडं मारत सुटायचं नाही. सावलीतली भिंत सरळ कापायची, मग ब्रशने हळूच झाडायची. झाडली की थर दिसतात. वर ओला, साखरेसारखा दाणेदार बर्फ. मधे धुळीची तपकिरी रेघ. खाली बोटभर जाडीची बर्फाची काच, मधल्या एखाद्या उबदार दिवशी वितळून पुन्हा गोठलेली. तळाशी मोठे, भुसभुशीत स्फटिक. एकेक थर म्हणजे एकेक वादळ, आणि प्रत्येकाचा डेल्टा वेगळा. थराथराचा नमुना झिप असलेल्या पिशवीत घ्यायचा, हवा काढून बंद करायचा, पिशवीतच पूर्ण वितळू द्यायचा आणि मग बाटलीत ओतायचा. अर्धवट वितळलेला ओतला की घात, कारण आधी सुटलेलं पाणी आणि उरलेला बर्फ यांचे आकडे एक नसतात.

आणि माझ्या कामाची सगळ्यात मोठी गोम नेमकी इथे आहे. बर्फ आणि पाणी एकत्र असताना जड रेणू बर्फात राहणं पसंत करतात. शून्य अंशाला ऑक्सिजनच्या बाबतीत हा फरक सुमारे तीन अंकांचा. वसंतात पहिलं वितळपाणी मूळ बर्फापेक्षा हलकं निघतं, मागे उरलेला बर्फ जड होत जातो आणि शेवटी शेवटी निघणारं पाणीही जड. शिवाय वरून ऊन-वारा बर्फ परस्पर उडवतात, त्यानेही भर पडते. म्हणजे ‘बर्फाचा आकडा’ अशी एक स्थिर गोष्टच नाही.

त्याने काय फरक पडतो, ते खड्ड्याच्या काठावर बसून वहीत मांडलं. आकडे केवळ उदाहरणाचे. समजा झऱ्याचं पाणी उणे १२, नदी उणे १४. वितळपाणी उणे १६ धरलं तर नदी बरोबर मधोमध येते, म्हणजे निम्मं पाणी बर्फाचं. पण त्या आठवड्यात प्रत्यक्ष निघणारं वितळपाणी उणे १८ असेल, तर बर्फाचा वाटा एक तृतीयांशावर येतो. नदी तीच, झरा तोच. फक्त खड्ड्यातल्या सरासरी बर्फाऐवजी खालून ठिबकणारं पाणी पकडलं, एवढ्यावर निम्म्याचं तिसरा हिस्सा होतं. म्हणून बाईसाहेबांनी खड्ड्याच्या तळाशी एक तिरपा पत्रा खोचून दोन तास थेंब गोळा केले. मी शेजारी बसून सँडविच खाल्लं. प्रत्येकाचं योगदान वेगळं असतं.

याच कारणाने आता मॉडेलमध्येच आयसोटोप घालतात. प्रत्येक उंचीच्या पट्ट्यात बर्फ किती आहे याच्या जोडीला त्याचा डेल्टा किती, हेही रोज पुढे न्यायचं. नवा बर्फ पडला की मिसळायचा, वितळ निघाली की तेवढं हलकं पाणी वजा करायचं, ते मातीत, मग भूजलात घालायचं, आणि शेवटी नदीच्या तोंडाशी प्रवाहाबरोबर डेल्टाही काढायचा. मग दोन्ही मोजमापांशी ताडून पाहायचं. एकट्या प्रवाहावर पास होणारी बरीच मॉडेलं इथे नापास होतात.

आडवा आला तो हिमनदीचा बर्फ. त्याचा आणि हंगामी बर्फाचा डेल्टा पुष्कळदा एकमेकांत मिसळतो. तिथे एकटा आयसोटोप तोकडा पडतो आणि वाहकता, उपग्रहातून दिसणारी बर्फरेषा असे आणखी साक्षीदार बोलवावे लागतात. आयसोटोप आला की सगळं सुटलं, असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. बाईसाहेबांचाही नाही.

गॉगल विसरू नका. ढगाळ दिवशीही बर्फावर डोळे भाजतात. हातमोजे दोन जोड घ्या, एक भिजणारच.

सहावा दिवस : लोसर, काझा

कुंझुम उतरलं की पाणी बदलतं. अलीकडचं चिनाबला जातं, पलीकडचं स्पितीतून सतलजला. लोसरला मटारच्या शेतांना कूहलीने, म्हणजे पाटाने, पाणी सोडणं चालू होतं. एक म्हातारे गृहस्थ फावड्याने मातीचा बांध फोडून पाळी बदलत होते. यंदा पाणी कसं आहे, असं भैयाजींमार्फत विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की जानेवारीचा बर्फ ऑगस्टापर्यंत पुरतो, मार्चचा जूनमध्येच पळून जातो. किती पडला एवढंच महत्त्वाचं नाही, कधी पडला तेही बघा. मी हे वहीत जसंच्या तसं उतरवलं. उशिरा पडलेल्या बर्फाला घट्ट बसायला वेळ मिळत नाही आणि वर लगेच ऊन तापतं, हे मॉडेलही सांगतं, फक्त बरंच लांबण लावून.

काझ्यात थुक्पा, छरम्याचं (सी-बकथॉर्नच्या फळांचं) आंबट-गोड सरबत, गरम पाण्याची अंघोळ आणि कितीतरी दिवसांनी मोबाइलला रेंज. त्याबद्दल एवढंच पुरे. एटीएमवर विसंबू नका, रोख जवळ ठेवा.

परतल्यावर

परतीला कुंझुमवर पुन्हा थांबलो. आमचा खड्डा कडा ढासळून निम्मा बुजला होता. बाटल्यांच्या खोक्याचं वजन आता पाण्यामुळे चांगलंच वाढलेलं. विमानात हे सगळं न्यायच्या भानगडीत न पडता रस्त्याने नेलं. बाटल्या गोठू द्यायच्या नाहीत (प्लॅस्टिक फुगतं, झाकण सैल होतं) आणि उन्हात ठेवायच्या नाहीत, एवढं पाळलं की त्या महिनोन्महिने टिकतात. प्रयोगशाळेत लेसरवर चालणाऱ्या यंत्रात एकेका बाटलीतला थेंब सुईने जातो आणि काही मिनिटांत दोन्ही डेल्टा येतात. रांग मात्र लांब असते.

निकाल येईपर्यंत मी मॉडेलमध्ये दोन बदल करून ठेवलेत. भूजलाखालचा तो मोठा, सुस्त साठा घातला. आणि वितळपाण्याचा डेल्टा हंगामाबरोबर सरकता केला. प्रवाहाचा आलेख तसूभरही हलला नाही. पण बर्फाचा वाटा मे-जूनमध्ये खाली आला आणि हिवाळ्यात नदी चालवणारं पाणी कुठून येतं, ते पहिल्यांदा ठीक दिसायला लागलं. ते खरं की मीच तसं बसवलंय, हे सिस्सूच्या झऱ्याचा आणि बातलच्या रात्रीच्या बाटल्यांचा आकडा आला की कळेल.

बाईसाहेबांना आता ऑक्टोबरचे नमुने हवेत. तेव्हा रात्रीचं तापमान उतरतं, वितळ जवळपास थांबते आणि नदीत उरतं ते बहुतेक जमिनीखालून आलेलं पाणी. त्या एका आठवड्यात भूजलाचा आकडा थेट नदीतूनच मिळतो. भैयाजी म्हणतात, ऑक्टोबरच्या मध्यानंतर कुंझुमचा भरवसा नाही, पहिल्याच आठवड्यात या. वाहायला अजून एक माणूस लागेल. पहाटे साडेचारला उठता आलं पाहिजे, बाकी अट काही नाही.